न लिहिलेली ओळ

रात्री अकरा चाळीसला, विश्रामबागेत हेड ऑफिसात बसून
मी जत शाखेच्या राऊटरला नवी यादी पाठवली.
ओळ दहा : तिसऱ्या मजल्यावरून येणाऱ्या कुणालाही सोडू नको.
ओळ वीस : माझ्या मशीनला सोड.
माझं मशीन तिसऱ्या मजल्यावर,
ट्रेनिंगच्या पोरांच्या भिंतीला लागून.
एंटर मारलं
आणि स्क्रीन मुकी झाली.

राऊटर वरून खाली वाचतो.
जिथं जुळलं तिथं थांबतो, पुढचं बघत नाही.
विसाव्या ओळीत मी माझा पत्ता घालून उभा,
आणि तो दहावरूनच मागं फिरला.
चूक त्याची नव्हती.
हे कबूल करायला मला
कवठे महांकाळपर्यंत एसटीत बसावं लागलं.

पेठकर साहेब म्हणायचे, लांबच्या राऊटरला हात लावायच्या आधी
त्याला सांगून ठेवावं :
दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही
तर हे सगळं विसर, आणि नव्यानं जागा हो.
मी सांगितलं नव्हतं.
खाली मेसचा डबा गार होत होता.

पिशवीत निळी केबल, शेजारी बेदाण्याचं खोकं
मांडीवर घेऊन झोपलेला माणूस.
बाहेर माळ. पवनचक्क्या,
काही फिरणाऱ्या, काही नुसत्या उभ्या.
मला सांगलीतली खोली आठवली, न मिळालेली.
पाटीवर अटी दोनच होत्या :
मांसाहार चालणार नाही. नऊनंतर गेट बंद.
दोन्ही वाचल्या, दोन्ही मान्य केल्या.
मालकांनी पगार नाही विचारला,
आडनाव विचारलं.
मग म्हणाले, कालच गेली हो.
पाटी पुढं महिनाभर तिथंच.
मी रोज त्याच रस्त्यानं जायचो.

यादीच्या तळाशी एक ओळ असते
जी कुणी लिहीत नाही :
बाकी सगळ्यांना, नाही.
यादी मागवली तर ती दिसत नाही.
तिनं किती जणांना परत लावलं
त्याचा आकडाही कुठं पडत नाही.

जतला शाखेच्या पायरीवर दस्तगीरमामा.
त्यांनी माझं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं,
पिशवीतली केबल बोटानं चाचपली, म्हणाले,
रात्रीपासून कॉम्प्युटर बंद आहेत, तुम्हीच का ते?
मीच, म्हटलं.
चहा घ्या आधी.

भिंतीवरच्या पेटीपुढं स्टुलावर बसलो.
ओळींना दहा-दहानं आकडे देतात,
मध्ये कुणाला तरी जागा करावी लागेल
हे धरूनच.
दहाच्या वर पाच लिहिली. मी आत आलो.
मग तळाशी, मुद्दाम, हातानं,
ती न लिहिलेली ओळ लिहिली :
बाकी सगळ्यांना नाही, आणि प्रत्येकाची नोंद ठेव.

नाही तर नाही.
पण निदान मोजलं जावं.

दुपारपर्यंत आकडा एक्क्याऐंशीवर.
सगळे एकाच पत्त्यावरून, मिनिटाला एक :
चौथ्या मजल्यावरचा छपाईचा सर्व्हर,
मार्चात बसवलेला, कुणीच यादीत न घातलेला.
सांगलीहून पासबुकाच्या नोंदी घेऊन
तो इथल्या दारापर्यंत यायचा
आणि कुणाला न कळता परत जायचा.
न रागावता. मिनिटाला एकदा.

बिराजदार बाई काउंटरवर पासबुकात
पेनानं आकडे भरत होत्या.
म्हणाल्या, दोन महिने फोन करतेय मी,
तुमच्यातला एकजण म्हणाला, बाई, तुमचंच काहीतरी चुकतंय.

तो एकजण मीच होतो.
बोललो नाही.
ओळ सात लिहिली.
कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला
आणि दोन महिन्यांचं एकदम बोलायला लागला.